सूट कोणाच्या खिशातून?

हॉटेलांच्या सवलतीच्या कूपनावर खाली बारीक अक्षरांत एक ओळ हमखास असते : सोमवार ते गुरुवार लागू, शनिवार-रविवारी आणि सणाच्या दिवशी नाही. ही ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शनिवार-रविवार सुट्टी घेणारं शहर असतं. भोसरी, पिंपरी, चिंचवड या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी मात्र गुरुवारी. विजेचा भार आठवडाभरात वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार नेमून देण्याची जुनी पद्धत होती. इथल्या वाट्याला गुरुवार आला आणि तोच अंगवळणी पडला. टेबलं रिकामी राहतील या हिशेबाने हॉटेलवाल्याने ज्या दिवशी सूट ठेवली, नेमका त्याच दिवशी भोसरीचा फिटर बायको-मुलांना घेऊन बाहेर जेवायला मोकळा असतो.

पण एवढ्यावर हुरळून जायचं कारण नाही. गुरुवार हा दत्ताचा, स्वामींचा वार. कित्येक घरांत त्या दिवशी मटण-मासे चालत नाहीत, मार्गशीर्षात तर मुळीच नाही. तंदुरीवर पन्नास टक्के सूट आहे, सुट्टीही आहे, आणि आई म्हणते, ‘आज नको.’ वाकड-हिंजवडीकडच्या आयटीवाल्यांची अडचण याच्या उलट. त्यांना सामिष कधीही चालतं, पण सुट्टी शनिवार-रविवारी, आणि तेव्हा कूपन चालत नाही. एका महानगराच्या दोन टोकांना एकच कूपन दोन वेगळ्या कारणांनी वाया जातं. कूपन काढणाऱ्याला अर्थात हेच हवं असतं. वाया जाणारी कूपनं हा या धंद्याचा आधार आहे. घेतलेलं प्रत्येक कूपन वापरलं गेलं असतं, तर बऱ्याच योजना पहिल्याच महिन्यात गुंडाळाव्या लागल्या असत्या.

जी वापरली जातात, त्यांचे पैसे कोणीतरी भरतंच. दोन हजारांचं जेवण हजारात मिळालं म्हणून चिकनचा, गॅसचा आणि वेटरच्या पगाराचा खर्च निम्मा होत नाही. मग उरलेले हजार कोणाचे? पिंपरी-चिंचवडमध्ये या प्रश्नाचं उत्तर गेल्या साठ-सत्तर वर्षांत अनेकदा बदललं.

पहिलं उत्तर होतं, कारखाना. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि पुढच्या दशकभरात आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को असे मोठे कारखाने नावारूपाला आले. त्यांच्या फाटकाआत जे कॅन्टीन चालायचं, ते मालकाच्या मर्जीचा भाग नव्हतं. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ४६ व्या कलमानुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन चालवायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला होता. (२०२० च्या नव्या कामगार संहितेत हा आकडा शंभरावर आणला आहे.) पदार्थांचे दर ना नफा तत्त्वावर ठरवायचे, व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घ्यायचे, आणि काही खर्च दरात धरायचेच नाहीत, ते मालकाने सोसायचे, असंही फॅक्टरी अ‍ॅक्ट सांगत होता. म्हणून कॅन्टीनच्या कूपनावरचा आकडा बाहेरच्या माणसाला कुठल्यातरी जुन्या जमान्यातला वाटतो.

हे कूपन म्हणजे साधी, छापील, भोकं पाडलेली चिठ्ठी. नाश्त्याचं वेगळं, जेवणाचं वेगळं. पगारातून किरकोळ रक्कम कापली जायची आणि महिन्याचा गठ्ठा हातात यायचा. आता त्याजागी ओळखपत्र मशीनला टेकवायचं असतं. या चिठ्ठीचं मोल युनियनला नीट कळत होतं. मागणीपत्रात पगारवाढीच्या जोडीने कॅन्टीनचा दर्जा आणि दर येतो, आणि संप पुकारण्याआधीचं सौम्य हत्यार म्हणून जेवणावर बहिष्कार टाकला जातो. ताट परत गेलं की ते व्यवस्थापनाला दिसतं; घोषणा एक वेळ ऐकू येत नाहीत. काही ठिकाणी कायम कामगाराच्या आणि कंत्राटी कामगाराच्या ताटाचा दर वेगळा असतो, आणि एकाच रांगेत उभं राहून वेगळे पैसे मोजणं किती बोचत असेल हे सांगायला नको.

कारखान्याच्या फाटकाबाहेर दुसरी व्यवस्था होती, खानावळीची. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेला एकटा पोरगा आधी कॉट बेसिसवर खोली बघतो आणि मग मेस लावतो. महिन्याचे पैसे आगाऊ, बदल्यात दोन वेळचं ताट. तेव्हा कार्डावर खुणा व्हायच्या किंवा कूपनांचं पुस्तक मिळायचं. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत आजही हेच चालतं. फरक एवढाच की पोरगा आता बिहार-ओडिशाचाही असतो आणि पैसे फोनवरून जातात.

खानावळीत सूट नावाची गोष्ट नाही, पण खाडा आहे. गावी जायचं असेल, शिफ्ट बदलली असेल, तर आधी सांगून ठेवायचं. तेवढी ताटं पुढच्या हिशेबात धरली जातात. न सांगता दांडी मारली तर पैसे गेले. सलग किती दिवस नसलात तर खाडा धरायचा, एका वेळचा खाडा धरायचा का, पाहुणा आणला तर त्याचं ताट कोणत्या दराने, रविवारी फीस्ट झाली की रात्री मेस बंद का, यावर मेंबर आणि मावशी यांच्यात जेवढी वादावादी होते तेवढी कुठल्या कंपनीच्या अटी-शर्तींवर होत नसेल. पण नियम दोघांना तोंडपाठ असतात आणि ते दोन्ही बाजूंना लागू होतात. खाडा कळला की मावशी तेवढे तांदूळ कमी शिजवते, म्हणून ती पैसे परत धरू शकते. पुढे आलेल्या कुठल्याही कूपनात एवढा सरळ हिशेब दिसत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीला तिसरा पैसे भरणारा आला, तो म्हणजे सरकारी तिजोरी. कल्पना मूळची युरोपची. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नटंचाई असताना ब्रिटनमध्ये नोकरदारांना जेवणासाठी व्हाउचर देण्याची पद्धत रुळली. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये जॅक बोरेल यांनी तिचा मोठा धंदा केला. स्वतःचं कॅन्टीन चालवणं परवडत नाही अशा कंपनीने कर्मचाऱ्याला तिकीट द्यायचं, त्याने ते जवळच्या हॉटेलात मोडायचं. भारतात सोडेक्सो १९९७ मध्ये आली. हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं आणि तिची रंगीत पुस्तिका पगाराच्या पाकिटाइतकी ओळखीची झाली.

तिच्या लोकप्रियतेचं कारण जेवण नव्हतं, आयकर होता. नियमानुसार मालकाने दिलेल्या जेवणाच्या व्हाउचरवर एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंत कर नव्हता. दिवसाची दोन जेवणं आणि महिन्याचे २२ दिवस धरले की २,२०० रुपये, वर्षाचे २६,४००. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा उपकरासह ८,२३७ रुपये कर वाचायचा. हॉटेलने काहीच सूट दिलेली नाही, बिल पूर्ण घेतलेलं आहे, तरी जेवणाऱ्याला ते जवळजवळ एक तृतीयांशाने स्वस्त पडलं. गंमत अशी की पन्नास रुपयांत वाकडला मसाला डोसा मिळेनासा झाला तरी वर्षानुवर्षं आकडा पन्नासच राहिला. आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला व्हाउचरवरची ही सवलतही मिळत नव्हती.

ही पुस्तिका फक्त हॉटेलात मोडली जायची असं मात्र नाही. किराणा दुकानात, दुधाच्या डेअरीत ती नोटेसारखी चालायची. डाळ-तांदूळ घेऊन उरलेल्या पैशांत साबण घेता येईल का, यावर घासाघीस व्हायची; नियमाने साबण बसत नव्हता, पण दुकानदार बसवायचा. कंपनीला कमिशन द्यावं लागतं म्हणून कोणी दुकानदार शंभराचं कूपन पंचाण्णवलाच धरायचा.

कागदाचा हा तुकडा नक्की आहे काय, हा प्रश्न मग पुण्यातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जकात आणि नंतर एलबीटी (स्थानिक संस्था कर) हे पुणे-पिंपरी या दोन्ही महापालिकांचं मुख्य उत्पन्न होतं. शहराच्या हद्दीत माल आला की कर. पुणे महापालिकेने म्हटलं, व्हाउचर हाही माल आहे, कर भरा. मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. ९ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला : व्हाउचर विकत घेतलं जात नाही, ते पैसे चुकते करण्याचं साधन आहे, माल असेल तर तो त्याच्या बदल्यात मिळणारी डाळ किंवा डोसा. विशेष म्हणजे तोवर एलबीटीच बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला होता. पुढे रिझर्व्ह बँकेने कागदी व्हाउचरला ३१ डिसेंबर २०१७ ची मुदत घातली आणि पुस्तिका जाऊन कार्ड आलं.

आतापर्यंतच्या कूपनांत एक गोष्ट समान होती. ती नोकरीमुळे मिळत होती. ज्याला जेवायचं आहे तो कोण, कुठे काम करतो, हे ठाऊक होतं. त्यानंतर आलेलं कूपन कोणालाही मिळू लागलं.

ऑक्टोबर २००८ मध्ये शिकागोत अँड्र्यू मेसन यांच्या ग्रुपॉनने पहिला सौदा विकला : ऑफिसच्याच इमारतीतल्या बारमध्ये एका पिझ्झाच्या किमतीत दोन. भारतात ही कंपनी २०११ मध्ये ‘सो सस्ता’ नावाचं भारतीय संकेतस्थळ विकत घेऊन शिरली. तिचं नाव घरोघरी झालं ते जेवणामुळे नाही, कांद्यामुळे. सप्टेंबर २०१३ मध्ये कांदा साठ-सत्तर रुपये किलोवर गेला होता, तेव्हा ग्रुपॉनने नऊ रुपये किलोने घरपोच कांदा जाहीर केला. तीन हजार किलो कांदा ४४ मिनिटांत संपला आणि गर्दीने संकेतस्थळ बंद पडलं. चाकणच्या बाजारात कांद्याचे भाव पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या शेतकऱ्याला या नऊ रुपयांचं गणित विचारलं असतं, तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं : कोणीतरी पदरचे घालतंय. घालत होती ती कंपनी, जाहिरातीच्या खर्चातून. २०१५ मध्ये ग्रुपॉनचा भारतातला धंदा अंकुर वारिकू यांच्या नेतृत्वाखाली ‘निअरबाय’ झाला, आणि मग चिंचवडच्या मॉलमधला बुफे, पिंपळे सौदागरमधलं पिझ्झाचं दुकान, अगदी केस कापण्याचं सलूनसुद्धा फोनवरच्या कूपनात आलं.

इथे हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात डोकावायला हवं. समजा चौघांचं बिल २,००० रुपये झालं. त्यातले साधारण एक तृतीयांश, म्हणजे ६५० च्या आसपास, कच्च्या मालाचे. उरलेल्यात भाडं, पगार, वीज, परवाने. मंगळवारी दुपारी टेबल रिकामं असेल तरी भाडं आणि पगार द्यावेच लागतात. अशा वेळी निम्म्या दरात चौघे आले, तर १,००० मधून माल वजा जाऊन ३५० उरतात. शून्यापेक्षा ३५० चांगले. कूपनाच्या बाजूने एवढाच युक्तिवाद आहे आणि तो खोटा नाही. पण त्या हजारातले निम्मे कूपन विकणाऱ्या कंपनीने ठेवले, तर हातात ५०० आले. मालच ६५० चा होता. प्रत्येक टेबलामागे दीडशेचा खड्डा, वर वेटरची धावपळ.

ही भीती कल्पनेतली नाही. २०१० मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या ‘पोझीज कॅफे’ने ग्रुपॉनवर १३ डॉलरचा माल ६ डॉलरला दिला आणि त्या सहातले निम्मे ग्रुपॉनला गेले. हजाराच्या आसपास कूपनं खपली. पगार आणि भाडं भागवायला मालकिणीला स्वतःच्या बचतीतून आठ हजार डॉलर काढावे लागले. त्याच वर्षी राइस विद्यापीठाच्या उत्पल ढोलकिया यांनी ग्रुपॉन वापरलेल्या १५० व्यवसायांची पाहणी केली. ६६ टक्क्यांना सौदा फायद्याचा ठरला होता, ३२ टक्क्यांना तोट्याचा. पुन्हा असा सौदा करणार नाही म्हणणारे चाळीस टक्क्यांहून अधिक होते. फायदा होऊनही काहींना तो नको वाटला, कारण कूपनवरचं गिऱ्हाईक कूपनवर येतं आणि कूपन संपलं की पुढच्या हॉटेलात जातं. नेहमीचं गिऱ्हाईक मात्र थांबतं, आणि तेही हळूच कूपन काढायला शिकतं.

भारतात हा ताण फुटला तो झोमॅटो गोल्डमुळे. नोव्हेंबर २०१७ मध्ये योजना आली : वर्षाची वर्गणी भरा, एका पदार्थावर एक पदार्थ किंवा दोन पेयांवर दोन पेयं फुकट. वर्गणी झोमॅटोची, फुकटचा पदार्थ हॉटेलचा. एका टेबलावर तिघे-चौघे सदस्य बसले की फुकटच्या ताटल्या जास्त आणि बिलातल्या कमी. स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ऑगस्ट २०१९ मध्ये, गुरुग्रामच्या हॉटेलवाल्यांनी ‘लॉगआउट’ची हाक दिली, नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनच्या पाठिंब्याने ती मुंबई, बंगळुरू, पुण्यापर्यंत पसरली आणि काही दिवसांत बाराशेहून अधिक हॉटेलं योजनेतून बाहेर पडली. तडजोड म्हणून झोमॅटोने सदस्याला दिवसातून एकदा आणि एका टेबलावर जास्तीत जास्त दोनदाच, अशी मर्यादा घातली. कारखानदारीच्या पट्ट्यातल्या माणसाला या भांडणाचं फार नवल वाटायला नको. कामगारांनी ताटावर बहिष्कार टाकलेला त्याने पाहिला होता; इथे वाढणाऱ्यांनीच टाकला.

सवलतीचा सगळा मार्ग फोनमधूनच जातो असंही नाही. करोनानंतर धंदा बसला असताना, २०२१ च्या जानेवारीत वडगाव मावळच्या ‘हॉटेल शिवराज’ने बुलेट थाळी काढली. अडीच हजार रुपयांची थाळी, सुमारे चार किलो ऐवज, त्यात सुरमई, पापलेट, तंदुरी चिकन, मटण, कोळंबी बिर्याणी असे बारा पदार्थ. एकट्याने साठ मिनिटांत संपवली तर रॉयल एनफिल्ड बुलेट बक्षीस. दारात बुलेट गाड्या ओळीने उभ्या केल्या होत्या. बार्शीच्या एका गड्याने ती थाळी खरंच संपवली आणि गाडी नेली. गाडीची किंमत तेव्हा सुमारे १ लाख ६५ हजार, म्हणजे ६६ थाळ्यांच्या बिलाइतकी. त्या बदल्यात देशभरातल्या वृत्तवाहिन्यांवर हॉटेलचं नाव झळकलं आणि रांगा लागल्या. कमिशन कोणाला नाही, दर एक पैशाने कमी नाही. आणि चाकणला पल्सर तयार होत असताना याच पट्ट्यात बक्षीस मात्र चेन्नईकडच्या बुलेटचं, हे बजाजच्या कामगारांनी कसं घेतलं असेल कोण जाणे.

सध्याचं कूपन बहुतेकदा कूपनासारखं दिसतही नाही. जेवण झाल्यावर बिल अ‍ॅपवरून भरायचं; स्विगीने २०२२ मध्ये डाइनआउट विकत घेतलं, झोमॅटोने २०२४ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट’ सुरू केलं, आणि दोन्हीकडे भरणा करताना सूट वळती होते. तिच्यातला काही वाटा हॉटेलचा, काही अ‍ॅपचा आणि काही क्रेडिट कार्डाच्या बँकेचा. त्यामुळे चौथ्या-पाचव्या पैसे भरणाऱ्याला शोधायचं तर बँकेचं स्टेटमेंट उघडावं लागतं, आणि वेळेवर न भरलेल्या कार्डावर व्याज देणारा अनोळखी माणूस तिथे सापडतो.

बिल मात्र नीट वाचावं. १,२०० रुपयांवर २० टक्के सूट मिळून ९६० झाले, त्यावर साध्या हॉटेलचा ५ टक्के जीएसटी लागून १,००८. सूट नसती तर १,२६०, वाचले २५२. पण मधल्याच एका ओळीत १० टक्के सर्व्हिस चार्ज घातलेला असेल, तर बेरीज १,१०९ च्या घरात जाते आणि वाचलेले २५२ चे १५१ होतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी असा चार्ज आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. ‘हा काढा’ म्हणायचा हक्क आहे. म्हणायला संकोच वाटतो, त्यावरच तो चार्ज टिकून असतो.

अ‍ॅपवर किती टक्के कापले जातात आणि पैसे किती दिवसांनी खात्यात येतात, हे मालकाला पाठ असतं. म्हणून गल्ल्यावर बसलेला अण्णा गिऱ्हाईक फोन काढताना बघतो आणि हळू आवाजात विचारतो, ‘डायरेक्ट देता का साहेब? दहा टक्के मीच कमी करतो.’